कॅशे सर्व्हर आपल्याच खोलीत: सांगलीतल्या एका इंटरनेट पुरवठादाराच्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२३, सोमवार

गेल्या महिनाभराचे आलेख छापून मालकांच्या टेबलावर ठेवले. मुंबईहून येणाऱ्या आपल्या दोन लिंक आहेत, प्रत्येकी १० गिगाबिटची. दिवसभर रेघ चढते-उतरते. रात्री ९ वाजले की ती १९ च्या पुढे जाते आणि ११ पर्यंत तिथेच अडकून राहते. आलेखाला शिखर न येता तो टेबलासारखा सपाट झाला, की समजायचं मागणी तिथे संपलेली नाही, आपला नळ संपलाय. वरचं सगळं राउटर टाकून देतोय.

ग्राहक साधारण ९,०००. सांगली, मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ आणि जतकडची काही गावं. सगळ्यांच्या संध्याकाळचा प्रश्न आहे हा.

तासगावचा एक मुलगा एमपीएससीचा अभ्यास करतो. दिवसा वडिलांबरोबर द्राक्षबागेत, रात्री यूट्यूबवर लेक्चर. महिनाभरात त्याचं हे चौथं तक्रारीचं टिकिट. शेवटच्या फोनवर तो चिडलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, "सर, १४४ पीवर ठेवून बघतो, पण मग फळ्यावरचं काही वाचता येत नाही." फोन ठेवला तरी ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

राउटरवरून नेटफ्लो, म्हणजे वाहतूक कुठून येते त्याची नोंद, काढून बघितला. निम्म्याहून जास्त वाहतूक तीनच कंपन्यांच्या नेटवर्ककडून येते, आणि त्यातलंही बरंचसं तेच ते. एकच गाजलेला भाग मिरजेत चारशे घरांत बघितला गेला, तर तो मुंबईहून चारशे वेळा आणलाय आपण. मुंबईची तिसरी लिंक घेतली तर वर्षभरात तीही भरेल. प्रस्ताव लिहिला: कॅशे सर्व्हर, म्हणजे जास्त मागणीचा माल जवळच साठवून देणारी मशीन, आपल्या खोलीत आणायचे.

१९ जून

मालकांबरोबर दोन तास बसलो. त्यांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता: "एवढे महागाचे सर्व्हर ते फुकट का देतील?"

सांगितलं ते असं. माल गिऱ्हाइकाजवळ साठवायचा ही कल्पना सांगलीकराला नवी नाही. हरिपूरला हळद पेवात, जमिनीखालच्या कोठारात, ठेवायचे आणि बाजारपेठ जवळच होती. इंटरनेटवर हा धंदा म्हणून पहिल्यांदा मोठा केला तो अकामाईने, १९९८ पासून. पुढे ज्यांचा माल सगळ्यात जास्त, त्यांनी स्वतःचीच गोदामं उभी केली. गूगलचा ग्लोबल कॅशे आहे, नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये ओपन कनेक्ट जाहीर केलं, फेसबुकचेही असेच सर्व्हर पुरवठादारांच्या खोल्यांत बसतात. सर्व्हर त्यांचा, जागा, वीज, थंडावा आणि जोडणी आपली. त्यांचा लांबचा वाहतूक खर्च वाचतो, आपली मुंबईची लिंक वाचते आणि ग्राहकाचं चाक फिरायचं थांबतं. तिघांचाही फायदा आहे म्हणून फुकट, उपकार म्हणून नव्हे.

मालकांना जुना अनुभव आठवला. बारा-तेरा वर्षांपूर्वी आपण स्क्विड चालवायचो. स्वतःच्याच मशीनवर लोकांची पानं साठवायची आणि पुढच्याला तीच द्यायची. तेव्हा ते छान चाललं. मग एकेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर गेली, मधल्या मशीनला आत काय चाललंय ते दिसेनासं झालं आणि तो पीसी कोपऱ्यात गेला. ग्राहकाच्या दृष्टीने ते योग्यच झालं. त्याचं पत्र वाटेत कुणी उघडू नये. पण त्यामुळे आता साठवण करायची तर ती माल ज्याचा आहे त्याच्याच सर्व्हरवर, त्याच्याच किल्लीने.

दुसरा प्रश्न कायद्याचा: हे नेट न्यूट्रॅलिटीत, म्हणजे सगळ्यांच्या वाहतुकीला सारखं वागवण्याच्या नियमांत, बसतं का? बसतं. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींमध्ये कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क (असे जवळचे साठवण सर्व्हर) त्या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवलंय. आपण कुणाचा वेग मारत नाही, कुणाचं अंतर कमी करतोय.

मार्च २०२० चीही आठवण निघाली. लॉकडाउनमध्ये व्हिडिओ कंपन्यांनी एकत्र येऊन मोबाइलवर ४८० पीच्या वर दाखवायचं नाही असं ठरवलं होतं, कारण देशभरच्या नेटवर्कवरचा ताण एकदम वाढला होता. मालकांनी सही केली.

३ जुलै

तीन ठिकाणी अर्ज गेले. मागतात ते असं: आपला एएस नंबर (इंटरनेटवरची आपल्या नेटवर्कची ओळख), संध्याकाळच्या वाहतुकीचा पुरावा, जागेचा आणि विजेचा तपशील, चोवीस तास फोन उचलणारा माणूस. पीअरिंगडीबी या नेटवर्कांच्या जाहीर यादीतली आपली नोंद चार वर्षं जुनी होती, त्यात नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा ईमेल. ती दुरुस्त केली. सगळ्यात आधी हीच करायला हवी होती. समोरचा माणूस आपल्याला ओळखतो तो त्या पानावरून.

२४ जुलै

दोन ठिकाणांहून होकार. तिसऱ्यांनी वाहतूक कमी पडते म्हणून पुढच्या वर्षी विचारा म्हटलं. करारात गोपनीयतेची अट असल्याने या नोंदींत त्या दोघांच्या कॅशे सर्व्हरना पहिला नोड, दुसरा नोड एवढंच म्हणेन.

खोली दुसऱ्या मजल्यावरचीच ठरली. तळमजल्यावर ठेवलं तर उचलाउचल सोपी, पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि धोक्याची पातळी आहे ४५. त्या आठवड्यात आम्ही बॅटऱ्या खांद्यावरून वर नेल्या आहेत. पुन्हा तो प्रसंग नको.

१४ ऑगस्ट

रॅक पुढून मागे किती खोल आहे ते मोजायचं राहिलं होतं. आपला रॅक ८०० मिलिमीटरचा. सर्व्हरचं माप कागदावर बघितलं, आणि त्यामागे वीज आणि फायबरच्या वायरी वळायला लागणारी जागा धरली, तर मागचं दार लागणारच नाही. दार उघडं ठेवलं तर गार हवा पुढून आत न जाता बाजूने निसटते. १,००० मिलिमीटरचा नवा रॅक मागवला, पुण्याहून दोन दिवसांत येतो.

विजेचं गणित: दोन्ही नोड मिळून साधारण १,२०० वॉट धरले. जेवढी वीज तेवढीच उष्णता. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता ओढतो, खोलीत दीड टनाचे दोन आहेत. एक बंद पडला तरी चालावं असं बघितलं. अर्थिंग नव्याने करून घेतलं. वायरमन मामांनी न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून दाखवला, दीड व्होल्टच्या आत. बरं वाटलं.

२२ ऑगस्ट

खोकी आली. लिफ्ट नाही, चौघांनी धरून जिन्याने वर नेली. प्रत्येक वळणावर थांबून आडवं ठेवायचं, उभं करायचं नाही, हे धाकट्या सहकाऱ्याने आधीच ठणकावलं होतं आणि स्वतः पुढे उलट्या पावली चालत राहिला. आत फिरत्या डिस्क आहेत.

रेल बसवताना एक युनिटचा फरक झाला, पुढची बाजू वर आणि मागची खाली. काढून पुन्हा बसवलं. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात. एक यूपीएस ‘अ’वर, दुसरा ‘ब’वर. दोन्ही एकाच पट्टीत खोचलेले मी इतक्या ठिकाणी बघितलेत की आज लेबल लावूनच घेतली: लाल आणि निळं.

या सर्व्हरमध्ये आपल्याला लॉगिन नाही. खोली आपली, वीज आपली, पण आतलं सगळं त्यांच्याकडून चालतं. धाकट्याला हे रुचलं नाही. त्याला म्हटलं, ओपन कनेक्टमध्ये फ्रीबीएसडी आणि एनजिनएक्स ही खुली सॉफ्टवेअरं चालतात हे त्यांनी स्वतःच जगाला सांगितलंय, ते घरी लावून शीक. इथे आपलं काम कुलूप, वीज, फायबर आणि राउटिंग. तेवढं चोख ठेवलं तरी खूप झालं.

२३ ऑगस्ट

पहिल्या नोडच्या चार पोर्टांपैकी तिसरा वर येतो आणि पडतो. स्विचवर प्रकाशाचं माप बघितलं: बाकीच्या तिघांना उणे अडीच-तीन डीबीएम, याला उणे १३.८, म्हणजे प्रकाश फारच कमी. तीन मीटरच्या पॅच कॉर्डवर एवढा तोटा होणं शक्यच नाही. कॉर्ड नवी, पिशवीतून काढलेली.

कनेक्टर स्कोपखाली धरला. पडद्यावर मधोमध काचेचा गोल, त्याच्या आत गाभ्याचा छोटा ठिपका, आणि बरोबर त्याच ठिपक्यावर एक डाग. बोटाचा तेलकट ठसा असावा. गाभा असतो ९ मायक्रॉनचा. माणसाचा केस त्याच्या सात-आठ पट जाड. तेवढ्याशा जागेतून १० गिगाबिट जायचे आहेत. क्लीनर पेन एकदा टिचकीसारखा दाबला, पुन्हा बघितलं, डाग पुसट. दुसऱ्यांदा दाबला, काच आरशासारखी. जोडलं: उणे २.९. पोर्ट वर आला आणि राहिला.

नवी कॉर्ड म्हणजे स्वच्छ कॉर्ड, हे मी स्वतः इतकी वर्षं धरून चाललो होतो. आजपासून प्रत्येक टोक स्कोपखालून जाईल.

२५ ऑगस्ट

बीजीपी सेशन (नेटवर्कं एकमेकांना आपले पत्ते कळवतात ती जोडणी) वर आलं आणि नोडमध्ये माल भरणं सुरू झालं. गंमत वाटावी इतकं सोपं तत्त्व आहे: बघणारे लाख प्रकार शोधत असले तरी रोजच्या मागणीतला मोठा वाटा थोड्याशाच गोष्टींचा असतो. उद्या काय बघितलं जाईल याचा अंदाज त्यांची यंत्रणा आदल्या दिवशी करते आणि लोक झोपलेले असताना तेवढाच माल आणून ठेवते. रात्री रिकामी पडलेली लिंक संध्याकाळच्या उपयोगी येते.

सकाळी मात्र दिसलं की भरणं ७:३० ला सुरू होऊन दुपारी १:३० पर्यंत चाललं. मी फॉर्मवर रात्री २ ते सकाळी ८ लिहिलं होतं. तो फॉर्म यूटीसी वेळ मागत होता, आपण साडेपाच तास पुढे. वेळ बदलून दिली.

२८ ऑगस्ट

दोन्ही नोड भरले, सुरू झाले, आणि संध्याकाळी दोन्हींतून मिळून फक्त ३ गिगाबिट बाहेर पडतात. अपेक्षा दहाची होती. मुंबईची लिंक अजून सपाटच.

सर्व्हर रिकामे बसलेत, लिंक भरून वाहतेय, आणि दोघांच्या मधे आमचंच राउटर आहे. रात्री दीडपर्यंत थांबलो.

नोडला आपली माणसं कळतात ती आपण बीजीपीवर जाहीर केलेल्या पत्त्यांवरून. ‘हे पत्ते माझ्याकडचे’ असं आपण सांगायचं, मग त्या पत्त्यावरून मागणी आली की तो माल देतो. आपल्याकडे १,०२४ पत्ते आहेत, २०१९ च्या आधी मिळालेले; त्यानंतर नव्याने घेणाऱ्याला ५१२ च मिळतात. मी ते १,०२४ एकाच मोठ्या गठ्ठ्यात, /२२ म्हणून, नोडला जाहीर केले. पण मुंबईच्या पुरवठादाराला आपण तेच पत्ते चार तुकड्यांत, /२४ म्हणून देतो. त्या पुरवठादाराकडेही पहिल्या नोडच्या कंपनीचा कॅशे आहे, आणि त्याला आपले हे चार तुकडे ऐकू येतात. नियम असा की जास्त नेमका पत्ता सांगेल त्याचं ऐकायचं. टपालासारखंच: एकाने ‘सांगली’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘सांगली, गावभाग’ लिहिलं, तर पाकीट दुसऱ्याच्या पिशवीत जाणार. म्हणून आमच्या शेजारी सर्व्हर असताना लोकांना माल मुंबईहूनच येत होता.

नोडलाही चार तुकडे जाहीर केले. मिनिटात काही झालं नाही. चालू असलेले व्हिडिओ संपेपर्यंत जुन्याच वाटेने जातात. पाऊण तासात रेघ वळायला लागली.

२९ ऑगस्ट

संध्याकाळी ५.५ गिगाबिट. वाढलं, पण अजूनही तिसरा हिस्सा ग्राहक सुटलेत. कुठले ते कळलं: कवठेमहांकाळ आणि जतचे, सगळेच्या सगळे.

५ सप्टेंबर

कारण सापडून ते दूर व्हायला आठवडा गेला. त्या भागातले ग्राहक ज्या पत्त्यांच्या मागे नॅट होतात (म्हणजे अनेक घरं मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात) ते आपले नाहीतच. दोन वर्षांपूर्वी पत्ते कमी पडले म्हणून वरच्या पुरवठादाराकडून एक /२४ उसना घेतला होता. तो आपण नोडला जाहीर केला, तर पोर्टलवर ‘नाकारला’ असं दिसतं. आरपीकेआय, म्हणजे कुठले पत्ते कोण जाहीर करू शकतं याची नोंदवही, तिच्यात त्या पत्त्यांचा दाखला, म्हणजे आरओए, फक्त पुरवठादाराच्या एएस नंबरच्या नावे आहे. आपण ते पत्ते आपले म्हणून सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव सांगण्यासारखं. नोडने नाकारलं ते बरोबरच केलं. हीच तपासणी नसती तर कुणीही कुणाची वाहतूक आपल्याकडे ओढून घेऊ शकला असता.

पुरवठादाराने आपल्या एएसच्या नावाने दाखला काढून द्यायला पाच दिवस आणि सात ईमेल घेतले. आज दुपारी झाला. संध्याकाळी ७ गिगाबिट.

१३ सप्टेंबर

पहिला नोड आता पूर्ण कामात आहे. दुसरा मात्र अर्धवट. दोघांची पद्धत वेगळी आहे. पहिला ग्राहकाच्या पत्त्यावरून ठरवतो, दुसरा बऱ्याच अंशी डीएनएसवरून, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवरून: नाव कोण विचारतंय ते बघून कुठला सर्व्हर सांगायचा ते ठरतं. आपल्या ग्राहकाने नाव आपल्या डीएनएसला विचारलं तर उत्तर आपल्या खोलीतलं. बाहेरच्या डीएनएसला विचारलं तर ती सेवा पुढे काय सांगते त्यावर. गूगलचा ८.८.८.८ ग्राहकाच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवतो, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ खासगीपणा जपायचा म्हणून कळवत नाही. दोघांचीही बाजू मला समजते, पण आमच्या खोलीतल्या सर्व्हरपर्यंतची वाट त्यामुळे चुकते.

मोजलं तर आपल्या जवळपास निम्म्या घरांतल्या राउटरवर बाहेरचाच डीएनएस टाकलेला. कुणी टाकला? आमच्याच केबलवाल्या भागीदारांनी. कवठेमहांकाळला जाऊन त्यातल्या एका दादांना भेटलो. त्यांनी चहा मागवला आणि सरळ सांगितलं, "साहेब, तुमचा डीएनएस तीन वर्षांमागं दर रविवारी झोपत होता. गिऱ्हाइक माझ्या दारात येतंय, तुमच्या न्हाई. आठ-आठ टाकलं की पळतंय बघा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. तेव्हा एकाच जुन्या मशीनवर डीएनएस चालायचा आणि तो पडायचा. माणसांनी आपला मार्ग शोधला, त्यात त्यांची चूक काही नाही. परत येऊन दोन नव्या मशीनवर अनबाउंड हे डीएनएसचं सॉफ्टवेअर बसवलं, एक सांगलीत, एक मिरजेत, दोन्हींचा पत्ता एकच, म्हणजे एक पडलं तर दुसरं आपोआप उत्तर देईल. दादांना म्हटलं, तुमच्या घरच्या कनेक्शनवर महिनाभर आमचा डीएनएस ठेवा. एकदा जरी अडकला तर मी स्वतः येऊन ८.८.८.८ टाकून देईन. कुणावर सक्ती करायची नाही, कुणाची नावं वाटेत अडवून वळवायची नाहीत, हे मालकांनाही पटलंय.

१९ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. सर्व्हर खोलीच्या दारावर तोरण. बदल काही करायचा नाही.

२८ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

विसर्जनाच्या मिरवणुकीत उंच मूर्ती तारांना लागू नयेत म्हणून संध्याकाळी वीज बंद. हे आधीच माहीत होतं. डिझेल भरून ठेवलं होतं, जनरेटर अकरा सेकंदांत उठला, यूपीएसने मधला वेळ सांभाळला. सगळं नीट म्हणून मी मिरजेची मिरवणूक बघायला निघालो.

अर्ध्या वाटेत फोनवर इशारा: नोडच्या पुढच्या बाजूची हवा ३३ अंश. मग ३६. परत फिरलो. गर्दीत गाडी निघेना, ती वखारभागात लावून चालत आलो. पोचेपर्यंत ३९.

दोन्ही एसी बंद होते. जनरेटरवर रॅक होता, दिवे होते, पंखा होता, एसी नव्हते. पूर्वी खोलीत एवढी उष्णताच नव्हती, त्यामुळे तास-दोन तास एसीशिवाय चालून जायचं, आणि भार वाढवताना जनरेटरच्या बोर्डाकडे मी बघितलंच नाही. वायरमन मामा मिरवणुकीतून गुलालाच्या अंगानेच आले, तासाभरात एका एसीची लाइन जनरेटरच्या एमसीबीवर घेतली. तोपर्यंत दार-खिडक्या उघडून, दोन टेबलफॅन लावून हवा ४१ वर थोपवली. सर्व्हर वाचले.

चेकलिस्टमध्ये नवी ओळ: दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी मेन स्विच हाताने पाडायचा आणि अर्धा तास खोलीत बसून थर्मामीटर बघायचा. नुसता जनरेटर उठतो का एवढं बघून निघून जायचं नाही.

९ ऑक्टोबर

संध्याकाळी दोन्ही नोडमधून १०.५ गिगाबिट. मुंबईची लिंक २० पैकी साडेअकरावर. आलेखाला पुन्हा शिखर दिसलं, सपाटी गेली.

बेरीज बघा: १०.५ आणि ११.५ म्हणजे २२. आधी एकूण १९ होतं. ग्राहक तेवढेच, मग ३ गिगाबिट कुठून वाढले? रस्ता किती मोकळा आहे ते बघून व्हिडिओ चित्राची प्रत ठरवतो. वाट मोकळी दिसली तशी घराघरांत तो ३६० वरून ७२० वर गेला. लोक जास्त बघत नाहीयेत, जास्त स्पष्ट बघताहेत. तासगावच्या मुलाला फोन केला. म्हणाला, "आता खडूने खोडलेलं पण दिसतं, सर."

पण वाढलेल्या भाराने दुसरं दुखणं वर आलं. कॅशे असतो नॅटच्या बाहेरच्या अंगाला, कारण त्याला सार्वजनिक पत्तेच कळतात. म्हणजे सर्व्हर हाताच्या अंतरावर असला तरी त्याचा प्रत्येक बाइट नॅटच्या मशीनमधून जातो. ते मशीन आता नव्वद टक्क्यांवर. नवं घ्यायचं तर लाखांत. दुसरा रस्ता आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत. त्याचे पत्ते मुबलक आहेत, नॅट लागत नाही, आणि व्हिडिओच्या या सगळ्या मोठ्या कंपन्या आयपीव्ही६ वर चालतात. आपल्याकडे त्यातला /३२ हा मोठा गठ्ठा पडून आहे, वर्षानुवर्षं. उद्यापासून पीपीपीओईवर, म्हणजे ग्राहकाच्या लॉगिन जोडणीवर, प्रत्येक घराला /५६ हा तुकडा द्यायला सुरुवात.

१६ ऑक्टोबर

सांगली आणि मिरज झालं. नोडमधल्या वाहतुकीचा चाळीस टक्के भाग आयपीव्ही६ वर, नॅटचं मशीन ६२ टक्क्यांवर. घरोघरच्या जुन्या ओएनटीमध्ये (फायबरच्या डब्यात) आयपीव्ही६ मुळातच बंद असतं, ते एकेक उघडावं लागतंय.

२४ ऑक्टोबर, दसरा

संध्याकाळी ६:४० ला मुंबईच्या दोन्ही लिंक एकदम गेल्या.

दोन लिंक दोन वेगळ्या कंपन्यांच्या, बिलं वेगळी, नकाशे वेगळे. पण कराडजवळ दोघांची केबल शेजारी-शेजारी एकाच चरातून जाते आणि महामार्गाच्या कामातल्या जेसीबीचा एकच घाव दोघांना पुरला. कागदावरचा पर्याय जमिनीत पर्याय नसतो, हे आता नकाशा हातात घेऊन रस्त्याने फिरून बघणार आहे.

उरली कोल्हापूर-बेळगाव-बंगळूर मार्गाची २ गिगाबिटची लिंक. ९,००० घरांना २ गिगाबिट, सणाची संध्याकाळ. मागच्या वर्षी असं झालं तेव्हा सगळं ठप्प होतं आणि फोन उचलून उचलून आवाज बसला होता.

आज नोडमधून ९ गिगाबिट चालू राहिले. हे समजून घेण्यासारखं आहे. कॅशे स्वतंत्र बेट नाही. लॉगिन, यादी, कुठल्या सर्व्हरवरून घ्यायचं हा निर्णय, हे सगळं अजूनही बाहेरून येतं. बाहेरची वाट शून्य झाली असती तर शेजारचा भरलेला सर्व्हरही मुका झाला असता. पण ही विचारपूस अगदी हलकी असते, जड असतो तो व्हिडिओ. त्या बारीक वाटेने विचारपूस पार पडली आणि जड माल घरातूनच गेला. बाहेरच्या लिंकवर प्रत्येक घराला सारखा वाटा ठेवला, म्हणजे एकाच्या डाउनलोडमुळे दुसऱ्याचं यूपीआय अडकू नये. सोनं लुटून आलेले लोक घरी बसले होते. फोन एकूण ५३ आले.

रात्री १२:५० ला जोड झाला. स्प्लायसिंगवाल्या मुलांना मालकांनी कराडात हॉटेल उघडायला लावून जेवू घातलं.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

दुपारी निवांत बसून लिंकवर आता काय उरलंय ते बघितलं. मोठ्यांचा माल खोलीतून जायला लागल्यावर उरलेलं दिसतं ते वेगळंच आहे: शाळांची पोर्टलं, बँका, दवाखान्यांचे रिपोर्ट, छोट्या मराठी साइट. दिवाळी अंकांच्या ई-आवृत्त्या उतरवून घेणारेही आहेत. यांच्यापैकी कुणाकडेही गावोगावी सर्व्हर ठेवण्याची ऐपत नाही. जूनमध्ये रात्री ९ वाजता दिवाळी अंकाची पीडीएफ आणि चारशे घरांतला तोच एक व्हिडिओ एकाच रांगेत उभे होते आणि पीडीएफ मागे पडायची. आता तिला वाट मोकळी आहे. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं फळ हे आहे, आणि त्यासाठीच वाचलेली लिंक मालकांनी कमी करू नये असं मी लेखी दिलं. त्यांनी मान्य केलं.

१९ नोव्हेंबर, रविवार

विश्वचषकाचा अंतिम सामना, अहमदाबाद. थेट प्रक्षेपण आमच्या दोन्ही नोडवर नाही. ते सगळं मुंबईहूनच येणार. आदल्या रात्रीच साठवून ठेवता येईल असा हा माल नव्हे. म्हणून परीक्षा खोलीतल्या सर्व्हरांची नव्हती, त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेची होती.

दुपारी २ ला मी आणि धाकटा दोघंही एनओसीत, म्हणजे नेटवर्कच्या नियंत्रण कक्षात. पहिल्या डावात क्रिकेटचे ९ गिगाबिट. आपण २४० वर आटोपलो. दुसऱ्या डावात तीन झटपट विकेट पडल्या तेव्हा एकदम उडी, क्रिकेट १२ वर, मुंबईची लिंक १६.५, नोडमधून ६. एकूण २२.५. जूनमध्ये हेच २२.५ वीसच्या नळात कोंबले गेले असते आणि सगळ्या जिल्ह्यात चेंडू हवेतच थांबला असता. आज एकही पॅकेट पडलं नाही. देशभर एका वेळी ५.९ कोटी लोक बघत होते असं नंतर वाचलं. त्यातली आमची काही हजार घरं अडखळली नाहीत.

ऑस्ट्रेलियाचा हेड खेळपट्टीवर टिकला तशी रेघ हळूहळू उतरायला लागली. लोक पडदे बंद करत होते. साडेनऊनंतर क्रिकेट शून्याकडे गेलं आणि नोडची रेघ ६ वरून वर चढली. लोक दुसरं काहीतरी लावून बसले होते. धाकटा गप्प होता. सामना हरल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तरी आलेखाचा फोटो त्याने काढून ठेवला.

२१ नोव्हेंबर

कवठेमहांकाळच्या दादांचा फोन. महिना कधीच उलटून गेलाय, डीएनएस एकदाही अडकला नाही, आता त्यांच्या सगळ्या ६१० कनेक्शनांवर आमचाच टाकायला त्यांची माणसं फिरताहेत. मिरजेच्या मशीनची मेमरी त्याआधी वाढवून घ्यायला हवी.

उद्या सकाळी जत. तिथल्या ओएलटीवर (घरांचे फायबर जिथे येऊन मिळतात त्या यंत्रावर) ३४० घरं आहेत आणि एकाच्याही ओएनटीवर आयपीव्ही६ सुरू नाही. जुन्या मॉडेलला फर्मवेअर बदलावं लागेल, घरटी दहा मिनिटं धरली तरी आठवडा जाईल. कराडला जाऊन चराचे फोटो घेऊन नकाशावाल्या माणसाशी बोलायचं होतं, ते शुक्रवारवर ढकललं.